दिवस मावळला की म्हस गायब

"ताई, तुमचं ॲप लई चांगलं हाय, पर दिवस मावळला की माझी म्हस गायब हुती."

फोनवर हे वाक्य ऐकलं तेव्हा मी डबा नुकताच उघडला होता. भाकरीचा तुकडा हातातच राहिला. पलीकडून बोलणारी बाई कोडोलीची होती, आवाजावरून पन्नाशी ओलांडलेली. पोटात एक आणि ओठावर एक असला प्रकार तिच्यात नसावा, हे पहिल्या दोन वाक्यांतच कळलं.

"गायब म्हणजे कशी, आक्का?" मी विचारलं.

"गायब म्हंजे गायब. चौकट हाय, म्हस न्हाय."

"आणि सकाळी?"

"सकाळी उजाडलं की हजर."

आमचं ऑफिस राजारामपुरीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर. आम्ही सगळी मिळून चार माणसं. कुणाला लग्नाच्या हॉलचं बुकिंग करायचं असतं, कुणाला क्लासची हजेरी घ्यायची असते, त्यांना लागेल तसं ॲप आम्ही करून देतो. त्यातलं गोठ्याचं ॲप माझं सगळ्यांत लाडकं. ते आम्ही एका जनावरांच्या डॉक्टरांसाठी केलं होतं. त्यांची मोटरसायकल दिवसभर पन्हाळा तालुक्यातल्या गावांतून फिरायची, आणि त्यांची तक्रार एकच होती. या म्हशीला लस कधी दिली, असं मालकाला विचारलं की मालक भिंतीकडं बघतो. तारीख भिंतीवर कोळशानं लिहिलेली असते, आणि दिवाळीत भिंत रंगवून झालेली असते.

म्हणून प्रत्येक जनावराचं एक पान केलं. वर म्हशीचं चित्र, खाली लस, औषध, गाभण राहिल्याची तारीख. कोपऱ्यात एक टिकली. जनावर धडधाकट असेल तर हिरवी, औषध चालू असेल तर लाल. म्हशीचं चित्र मी स्वतः काढलं होतं. माझं माहेर कागलचं, घरात कायम दोन म्हशी. त्यामुळं चित्र काढायला दुसऱ्या कुणाला सांगणं मला कमीपणाचं वाटलं. वळलेल्या शिंगांची, काळीभोर, डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके असलेली म्हस. डॉक्टर बघून म्हणाले होते, "ही तर आत्ता शेपटी मारेल." ते वाक्य मी घरी सासूबाईंनाही सांगितलं होतं.

ती म्हस आता रोज संध्याकाळी गायब होत होती.

आमच्या धंद्यात जे सगळे सांगतात तेच मी आक्कांना सांगितलं, "फोन बंद करून परत चालू करा." त्यांनी केलं. दुसऱ्या दिवशी परत फोन. "बंद क्येला, चालू क्येला, म्हस काय येईना." मी ऑफिसात माझ्या फोनवर, मग शेजारणीच्या फोनवर ॲप उघडून बघितलं. म्हस ठणठणीत उभी होती. शेजारीण म्हणजे माझ्या समोर बसणारी मैत्रीण. आमच्या सगळ्या ॲपांची रूपं आणि रंग तीच ठरवते. ती म्हणाली, "त्यांच्या डोळ्यांचंच काहीतरी असेल गं. वय झालं की संध्याकाळचं कमी दिसतं."

मला ते पटलं. पटलं कारण सोयीचं होतं, हे आता कबूल करते.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, तीन गोठ्यांतनं हेच ऐकतोय. एकानं तर मला विचारलं, डॉक्टर, हे अमावस्येचं काय असतंय का?"

मग मात्र मी उठले. साडेचारला स्कूटर काढली. हायवेनं वाठारपर्यंत आणि तिथून आत. उसाचा हंगाम चालू होता, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पुढं, आणि त्यांच्या मागं मी, तोंडाला स्कार्फ गुंडाळून. मनात एकच होतं की जाऊन त्या बाईंना म्हस दाखवायची आणि परत यायचं.

आक्का रस्त्यावरच येऊन उभ्या होत्या. काष्ट्याचं लुगडं, दणकट हात, कपाळावर ठसठशीत कुंकू. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "तुम्हीच व्हय ॲपवाल्या? मला वाटलं कोण चष्मेवाला बाप्या येतोय."

गोठा घराला लागूनच. पाच म्हशी. त्यातली एक पोटानं भरलेली, तिला त्या थोरली म्हणायच्या. चहा झाला. चहा कसला, दूधच ते, वरून चहाची पत्ती दाखवलेली. मग त्यांनी फोन आणून माझ्या हातात दिला. मी ॲप उघडलं. म्हस उभी होती. अक्षरं होती, टिकल्या होत्या, सगळं जागच्या जागी.

"दिसतेय की म्हस!" मी म्हणाले. आवाजात जरा विजय होता.

"थांबा की जरा," आक्का म्हणाल्या. "दिवस कुठं मावळलाय अजून."

आम्ही थांबलो. त्या धारेला बसल्या. मी उंबऱ्यावर, फोन मांडीवर. बादलीत धारेचा आवाज सुरू झाला, आधी पत्र्यावर वाजल्यासारखा, मग फेसात बुडालेला. ऊन उसाच्या शेंड्यांवरून खाली गेलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत मांडीवरचा पडदा एकदा लवला आणि काळा झाला.

म्हस गेली. नाव गेलं, तारखा गेल्या. लाल टिकली काजळी धरल्यासारखी दिसेनाशी झाली. काळ्या पडद्यावर फक्त दोन पांढरे ठिपके माझ्याकडं बघत राहिले.

"डोळं तेवढं ऱ्हात्यात," आक्का म्हशीच्या पोटाला डोकं टेकून म्हणाल्या. "भूत बघितल्यागत वाटतंय. तुम्हास्नी दिसली का म्हस?"

"नाही दिसली," मी म्हणाले.

काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं होतं. आक्कांची मुलगी सांगलीला नर्स आहे. दिवाळीला आली तेव्हा तिनं आईच्या फोनवर डार्क मोड लावून दिला होता. दिवस मावळला की फोन आपोआप गडद रंग घेणार, उजाडलं की परत उजळ. आमच्या ॲपची पार्श्वभूमी फोनकडूनच आलेली, म्हणून ती फोनबरोबर काळी व्हायची. तिच्यावरचं सगळं मात्र मी हातानं पक्कं करून ठेवलं होतं. अक्षर काळं म्हणजे काळंच, म्हस काळी म्हणजे काळीच. आणि ऑफिसात आम्ही सगळ्यांनी फोन उजळच ठेवलेले, तेही ट्यूबलाइटखाली, भर दुपारी तपासलेले.

हे आक्कांना कसं सांगावं याचा मी विचार केला. म्हणाले, "आक्का, कागद फोनचा आहे आणि शाई माझी आहे. संध्याकाळी फोन काळा कागद घालतो. शाई मी काळीच ठेवली."

त्यांनी धार काढणं थांबवलं. "म्हंजे चूक तुमची हाय?"

"हो. माझीच."

"अगं बया!" त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की म्हशीनं पाय बदलला. "आन् मी खुळी डोळं तपासून आले की! मोतीबिंदू झाला म्हणून घाबरलेवते. दोन दिस ग्वाड लागलं न्हाय काय. डोळ्याचा डॉक्टर म्हनला, तुमचं डोळं घारीगत हायत, जावा घरी."

त्या हसत होत्या, पण मला हसू आलं नाही. त्यांच्या डोळ्यांवर संशय घेणारी मीही एक होते, आणि हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

मी फोनच्या सेटिंगमध्ये गेले. डार्क मोड बंद केला की दोन सेकंदांत म्हस परत येणार होती. तेवढ्यात आक्कांनी ओल्या हातानं माझं मनगट धरलं.

"काय करालाय?"

"हे काळं होणं बंद करते. मग दिसेल सगळं."

"ते ऱ्हाऊ दे. पोरीनं करून दिलंय. आन् सांच्याला डोळ्यास्नी खरंच बरं वाटतंय. बाकीचं समदं दिसतंय मला त्यात. तुमचं तेवढं दिसत न्हाय. तुमी तुमचं सुधरा की."

मी सेटिंग होतं तसंच ठेवलं आणि फोन त्यांना परत दिला. परत येताना, पुढच्या ट्रॉलीवरच्या उसाची पाती वाऱ्यानं हलत असताना, एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी स्वतःलाच दोन शब्द सुनावले. गोठ्यातली कामं उजाडायच्या आधी असतात आणि दिवस मावळताना असतात. माझं लहानपण त्यात गेलेलं. आणि मी ॲप केलं ते ऑफिसच्या वेळेत बसणाऱ्या माणसासाठी.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला सगळं सांगितलं. डोळे तपासल्याचं ऐकून तिनं खुर्ची माझ्याकडं ओढली. मग म्हणाली, "सोपं आहे. डार्क असेल तेव्हा सगळे रंग उलटे करून टाकू. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं." एका तासात झालंही. आम्ही ते डॉक्टरांना आणि आक्कांना बघायला पाठवून दिलं आणि खाली जाऊन भेळ खाल्ली.

संध्याकाळी आक्कांचा फोन आला. पहिलं अर्धं मिनिट नुसतं हसू. "पोरी, पांढरी म्हस कुठं असती व्हय? शेळी का गाय तरी म्हणावं, पर तिला शिंगं म्हशीची!" त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ताई राहिले नाही, पोरी झाले.

पाठोपाठ डॉक्टर. "मॅडम, आजारी जनावर निळंशार दिसतंय आणि धडधाकट जनावर गुलाबी. मी सुई कुणाला टोचू?"

उलटं करणं म्हणजे नुसतं काळ्याचं पांढरं नसतं, हे आम्ही विसरलो होतो. लालचं उलट निळसर, हिरव्याचं उलट गुलाबी. गावोगाव वर्षानुवर्षं लाल म्हणजे धोका हे ज्यांच्या डोळ्यांत बसलंय, त्यांना आम्ही निळा धोका पाठवला होता.

मग खरं काम सुरू झालं. ॲपमधले सगळे रंग मी एका वहीत उतरवून काढले. एकट्या काळ्याचे सात प्रकार निघाले. कुठल्या तरी घाईच्या दिवशी, दिसेल तो काळा उचलून मीच लावलेले. करड्याची तर मोजदादच सोडून दिली. आम्ही ठरवलं की यापुढं कुठल्याही पानावर थेट रंग लिहायचा नाही, कामाचं नाव लिहायचं. पाटी म्हणजे मागचा रंग, मग अक्षर, धोका, बरं. आणि प्रत्येक नावाला दोन रंग द्यायचे, एक उजेडातला आणि एक अंधारातला. फोननं कपडे बदलले की प्रत्येक नाव आपला दुसरा रंग घेणार. मैत्रीण आधी हसली, "कोडमध्ये पाटी आणि अक्षर? बालवाडी काढायची का?" पण दोन दिवसांत तीच ओरडून विचारायला लागली, "अगं, धोका जरा उजळ कर की, पाटीवर दिसत नाही!"

आणि सगळं तपासायचं कसं, तर अंधारात. ऑफिसात दुपारी अंधार मिळत नाही. म्हणून मी घरून सोलापुरी चादर आणली. आम्ही दोघी ती डोक्यावरून ओढून, दोन फोन घेऊन बसायचो. एकदा सर, म्हणजे आमच्या ऑफिसचे मालक, अचानक आत आले. चादरीखालच्या दोन डोक्यांकडं बघत त्यांनी विचारलं, "काय चाललंय?"

आतून मैत्रीण म्हणाली, "म्हस शोधतोय, सर."

सर जसे आले तसे निघून गेले.

चादरीखाली आम्हाला बरंच कळलं. कोळशासारख्या काळ्यावर पांढरीशुभ्र अक्षरं डोळ्यांना टोचतात. म्हणून पाटी जुन्या दगडी पाटीसारखी काळपट करडी केली आणि अक्षरं साईच्या रंगाची. दिवसाचा गडद लाल अंधारात विझतो, त्याला पिकल्या टोमॅटोकडं नेलं. हिरवा कोवळ्या मक्याच्या पानावर आणला. आठ दिवसांत सगळं बसलं. एक म्हस तेवढी बसेना. काळी ठेवली तर पाटीत बुडायची, फिकी केली तर म्हस राहायची नाही. राखाडी करून बघितली तर मैत्रीण म्हणाली, "हत्ती."

शेवटी मी आक्कांना फोन लावला. "आक्का, अंधारात गोठ्यात शिरल्यावर तुम्हाला म्हस कशी दिसते?"

"म्हंजे? डोळ्यानं."

"तसं नव्हे. काळी म्हस, काळा अंधार. थोरली कुठली, धाकटी कुठली, कसं कळतं?"

हे त्यांना कधी कुणी विचारलं नसणार. त्या म्हणाल्या, "बल्ब मागं असतोय न्हवं का दाराजवळ? मग पाठीवरनं उजेडाची कड पडती बघ. शिंगाचा वळसा चमकतोय. नाक वलं असतंय, ते चकाकतंय. तेवढ्यावर कळतंय. आख्खी म्हस कशाला दिसाय पायजे?"

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन परत म्हस काढली. पोट, पाय काळेच ठेवले. पाठीवरून एक पिवळसर कड, शिंगांच्या वळणावर एक, नाकावर छोटासा चकाका. फोन गडद केला. अंधारात उभी असलेली म्हस जशी असते तशी ती उभी होती. मी सासूबाईंना दाखवली. त्या एवढंच म्हणाल्या, "हिला पाणी दाखवायला हवं."

अजून एक भोक राहिलं होतं, ते मैत्रिणीला सापडलं. ती तपासताना एक नोंद लिहीत होती आणि नेमका त्याच वेळी तिनं फोन उजळचा गडद केला. पान नव्या रंगात आलं, पण लिहिलेलं सगळं पुसलं गेलं. रंग बदलताना फोन अख्खं पान नव्यानं मांडतो आणि अर्धवट लिहिलेलं टाकून देतो. म्हणजे दिवस मावळताना जी बाई नोंद करत असेल तिचीच नोंद जाणार. लिहिलेलं आधी बाजूला जपून ठेवायचं आणि नवं पान मांडलं की परत जागेवर आणायचं, अशी सोय करायला दोन दिवस गेले.

मग आम्ही दोघीही कोडोलीला गेलो. मैत्रिणीनं आयुष्यात गोठा बघितला नव्हता. ती पांढरे बूट घालून आली होती. पोचलो तर डॉक्टरांची मोटरसायकल दारात. थोरलीच्या कळा सुरू झाल्या होत्या. आक्कांनी आमच्याकडं बघितलंही नाही. "तिकडं कोपऱ्यात ऱ्हावा दोघी. बोलू नका. तिला माणसं आवडत न्हाईत या वक्ताला."

आम्ही भिंतीला चिकटून उभ्या राहिलो. थोरली बसायची, उठायची, परत बसायची. डॉक्टर बाह्या सरसावून नुसते थांबले होते. "ती करतेय सगळं, मी काय करू," असं हळूच म्हणाले. अर्ध्या-पाऊण तासानं दोन खूर दिसले, त्यांच्यावर टेकलेलं नाक, आणि मग सगळं एकदम, ओलं, चकचकीत, गवतावर घसरलं. मैत्रिणीनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

"आलं बघा पावणं!" आक्का ओरडल्या. शेपटी उचलून बघितलं आणि आवाज अजून चढला. "रेडी हाय! रेडी!"

थोरली पिल्लाला चाटायला लागली. आक्कांनी हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, "आण गं पोरी फोन. आत्ताच लिवते. डॉक्टर परत इचारत बसायला नको."

त्या उंबऱ्यावर बसून एका बोटानं लिहायला लागल्या. कुठली म्हस, कधी व्याली, रेडा की रेडी. बाहेर ऊन उसामागं गेलं होतं. मी आणि मैत्रीण त्यांच्या दोन खांद्यांवरून बघत होतो. आक्का 'रेडी' हा शब्द लिहीत होत्या आणि 'रे'वर होत्या, तेव्हा पडदा लवला.

पाटी करडी झाली. अक्षरं साईसारखी झाली. थोरली पाठीवर उजेडाची कड घेऊन वर उभी. आणि 'रे' जागच्या जागी. आक्कांचं बोट थांबलंसुद्धा नाही. त्यांनी 'डी' लिहिलं, नोंद जपून ठेवली, हिरवी टिकली आली तशी मान डोलावली आणि वर आमच्याकडं बघितलं.

"काय झालं? अशा काय बघालाय दोघी?"

"काही नाही," मी म्हणाले.

"मग वैरण तरी टाका जरा."

वैरण मी टाकली, तेवढं मला येतं. मैत्रिणीनं पांढरे बूट घालूनच पाण्याची बादली आणली, आणि एक म्हस तिच्या हाताला चाटून गेली तेव्हा किंचाळली, मग हसली. बाकीच्या दोन गोठ्यांवर डॉक्टरच आम्हाला घेऊन गेले. अमावस्येची शंका काढणारे गृहस्थ फोन बराच वेळ हातात फिरवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "व्हय, आता दिसतीया. पर माझी म्हस जराशी लठ्ठ हाय." ते काम आम्ही घेतलं नाही.

तीन दिवसांनी डॉक्टर ऑफिसात आले. हातात बरणी, बरणीत चीक. "रेडीचं पोट भरलंय, मग काढलाय. आक्कांनी बजावून सांगितलंय, त्या पोरींच्या हातातच द्या म्हणून." मी तो घरी नेला. सासूबाईंनी गूळ आणि वेलदोडा घालून खरवस वाफवला, आणि दुसऱ्या दिवशी मोठा डबा भरून मी ऑफिसात आणला. मैत्रिणीनं कधी खाल्ला नव्हता. पहिली वडी तिनं वास घेऊन, संशयानं तोंडात टाकली. दुसरी घेताना वास घेतला नाही. सरांनी तीन खाल्ल्या, बोटं चाटली आणि विचारलं, "ते क्लासच्या हजेरीचं ॲप पण अंधारात बघायला पाहिजे, नाही का?"

मैत्रीण चादर काढायला उठली.